पाहुण्यांचा परिचय

मुलांनो, जरा अशी कल्पना करा. तुम्ही आठवीत आहात. वक्तृत्वात तालुक्यात तुमचा हात धरणारं कोणी नाही. गावातल्या कॉलेजात परदेशचे पाहुणे आले आहेत आणि सत्काराच्या कार्यक्रमात त्यांचा परिचय करून द्यायचा मान तुम्हाला मिळाला आहे. तुम्ही बोललात, टाळ्या पडल्या, घरी गेल्यावर आईनं दृष्ट काढली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कानावर काय येतं, तर त्या पाहुण्यांतली तुमची सगळ्यांत लाडकी पाहुणी चोर ठरली आहे. कोणाला ठाऊक नसलेली एक गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. काल दुपारी तिचा फोन तुमच्या हातात होता.

आली कल्पना? मग आता त्या मुलीचं नाव सांगायला हरकत नाही. ज्ञानेश्वरी.

कोल्हारच्या त्या कॉलेजच्या गेस्ट हाऊसच्या पायरीवर ती केव्हाची बसून होती. शाळेची वेळ होत आली होती, पण पाय निघत नव्हता. समोर प्रवरेच्या पुलावर उसाच्या ट्रॉल्या एकीमागे एक खोळंबल्या होत्या. त्यांतून वाट काढत एक जुनी पांढरी गाडी फाटकातून आत आली.

गाडी चालवणारे गृहस्थ आधी उतरले आणि त्यांनी दोन्ही हात वर करून मनसोक्त आळस दिला. मागून पन्नाशीच्या एक बाई उतरल्या. सुती साडी, पायात बूट, खांद्याला झोळी. या नीलांबरी पाठक. बरीच वर्षं एका बँकेत फसवणुकीची प्रकरणं हाताळून त्यांनी नगरला सावेडीत खासगी तपासाचं कार्यालय थाटलं होतं. बरोबरचे गृहस्थ त्यांचे धाकटे दीर, नारायण पाठक. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते वहिनींची गाडी चालवत आणि गुन्हेगार कोण ते सर्वांआधी सांगून टाकत. आजवर एकदाही बरोबर सांगितलं नव्हतं, पण त्याचा त्यांना विषाद नव्हता.

प्राचार्य रंगनाथ सर लगबगीनं बाहेर आले आणि तिथं व्हरांड्यातच सांगू लागले. पायरीवरच्या ज्ञानेश्वरीकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

हे प्रकरण नीट समजून घ्यायला हवं. पूर्वी वस्तीवर चोर आले, की ज्याच्या घरी आले तो थाळी बडवायचा आणि सगळी आळी जागी व्हायची. आता चोर संगणकातून येतात. आज एका देशात शिरतात, उद्या त्याच वाटेनं शेजारच्या देशात. म्हणून आशियातल्या काही देशांच्या जाणकारांनी मिळून एक मंच काढला होता. त्याची बैठक या वर्षी कोल्हारला भरली होती. भूतानच्या पेमानं सुचवलं होतं, की कोणाच्याही घरात चोर शिरला किंवा कोणाचं दार उघडं राहिलेलं दिसलं, की ती खबर सगळ्या देशांना एकाच क्षणी मिळावी. लहान देश, मोठा देश, भेद नको. या योजनेला सगळे ‘सामायिक घंटा’ म्हणत. आज दुपारी तिच्यावर सह्या व्हायच्या होत्या. व्हिएतनामच्या लिन्हबाई आणि श्रीलंकेचे सुनील परेरा पेमाबरोबर आले होते, बाकीचे देश पडद्यावरून हजर राहणार होते.

आणि काल घात झाला. लिन्हबाईंनी विश्वासानं सर्वांना सांगितलं होतं, की त्यांच्या देशातल्या दोन रुग्णालयांच्या संगणकांत एक दार उघडं सापडलंय आणि ते बंद करायचं काम चालू आहे. काल सत्कारानंतर पाहुण्यांची पंगत बसलेली असताना नेमकी हीच माहिती कितीतरी वर्तमानपत्रांना गेली. गेली ती पेमाच्या ईमेलवरून.

“पोलिसात गेलो तर उद्या पेपरात देशांची नावं येतील,” रंगनाथ सर म्हणाले. “वकिलातींचे फोन सुरू होतील. म्हणून तुम्हाला बोलावलं. दुपारपर्यंत काही उलगडलं नाही, तर पेमाला मंचावरून काढायचं ठरलंय. घंटाही बारगळणार. त्याऐवजी सगळ्या खबरी फक्त मंचाच्या कार्यालयाला द्यायच्या आणि कोणाला काय कळवायचं ते कार्यालयानं ठरवायचं, असा मधला मार्ग अनीशनं सुचवलाय. अनीश म्हणजे मंचाचा सचिव, मंचाच्या कामासाठी पाहुण्यांची खातीही त्यानंच जुळवून दिली. पुण्याचा आहे.”

“यात उलगडायचं काय?” नारायणराव म्हणाले. “तिच्या खात्यातून गेलं म्हणजे तिनंच पाठवलं. वहिनी, जेवायला घरी पोचू.”

“भावजी, गेल्या महिन्यात तुमच्या खात्यातून मला निरोप आला होता, की तुम्हाला लॉटरी लागली. लागली होती का?”

नारायणराव गाडीच्या काचेवरची धूळ पुसू लागले.

इतका वेळ दाबून धरलेलं ज्ञानेश्वरीच्या तोंडून तेव्हाच बाहेर पडलं. काल फोटो बघायला म्हणून पेमादीदीनं तिला फोन दिला होता. बघता बघता पडद्यावर कसलीशी चौकट आली आणि तिनं घाईघाईनं ‘हो’ दाबलं. त्यातूनच चोर आत शिरला असणार. हे सांगताना तिनं एकदाही मान वर केली नाही.

नीलांबरीबाई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. चौकटीत काय लिहिलं होतं, ते त्यांनी तिला आठवायला लावलं. रात्री काहीतरी नवीन करून घेऊ का, असं होतं म्हणे.

“अगं, ते अपडेट. फोन विचारत होता, मी अंघोळ कधी करू,” त्या म्हणाल्या. “त्यानं काही बिघडलं नाही. पण आपणहून सांगितलंस, हे बरं केलंस. आता माझ्याबरोबर चल. पेमाशी तुझी ओळख आहे.”

ज्ञानेश्वरीच्या छातीवरचा दगड उतरला. निदान तिला तसं वाटलं.

पेमा खोलीत बॅग भरत होती. अर्धी भरून तशीच बसली होती. ती हिंदी छान बोले, त्यामुळे बोलण्याची अडचण नव्हती. तिनं सांगितलं ते असं. तिचा पासवर्ड कोणी चोरला नव्हता. कोणीतरी ‘पासवर्ड विसरलो’ असं कळवून तिच्या लहानपणाबद्दलच्या दोन प्रश्नांची बरोबर उत्तरं दिली होती आणि खातं उघडलं होतं. खातं जुनं होतं. त्याला फोनवरची दुसरी कडी लावायची राहून गेली होती. हे सगळं या गेस्ट हाऊसच्याच वायफायवरून झालं, एवढं कळलं होतं. नेमकं कोणाच्या यंत्रावरून, ते कंपनीकडून कळायला काही दिवस लागणार होते.

“पासवर्ड तुम्हाला येत असताना तुम्ही विसरल्याचं कशाला कळवाल?” नीलांबरीबाईंनी विचारलं.

“मीही तेच म्हटलं. ते म्हणतात, संशय दुसऱ्यावर जावा म्हणून मीच ते सोंग केलं.” पेमा हसायला गेली, पण हसू आलं नाही. “लोकांना दाराला दोन कड्या लावायला शिकवत मी देशोदेशी फिरते, आणि माझ्याच दाराला एक कडी होती. मला काढलं तर काढू देत. पण यापुढं लहान देश काही सुचवायला उभा राहिला, की माझं नाव काढून त्याला खाली बसवतील.”

मग तिनं ज्ञानेश्वरीच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, की कालचा दिवस तेवढा चांगला गेला. या मुलीला तिनं घरचं सगळं सांगितलं. इतकं मन लावून ऐकणारं माणूस तिला फार दिवसांत भेटलं नव्हतं.

लिन्हबाई आणि सुनील परेरा खाणावळीत बसले होते. लिन्हबाईंचे डोळे जागरणानं तांबारले होते. त्यांच्या माणसांनी रात्रभर खपून रुग्णालयांचं दार बंद केलं होतं, पण त्यासाठी यंत्रं थांबवावी लागली आणि काही शस्त्रक्रिया पुढं ढकलाव्या लागल्या. पेमावर विश्वास ठेवावासा वाटतो, पण कशाच्या आधारावर ठेवू, असं त्या इंग्रजीत सावकाश म्हणाल्या.

सुनीलसाहेबांचं नाव ऐकून गावानं त्यांना आपलाच माणूस धरलं होतं, आणि काल दिवसभर त्यांच्याशी मराठीत बोलून त्यांना दमवलं होतं. एक शब्द कळला नाही, पण प्रेम कळलं, असं ते म्हणाले. सत्काराचं विचारल्यावर त्यांनी फेट्यातला फोटो दाखवला. परिचय चालू असताना तिघंही पाहुणे मागच्या खोलीत होते. फेटे बांधणारा एकच, आणि त्यांच्या डोक्याला फेटा काही केल्या बसेना. तिघं सभागृहात आले ते एकदम नारळ घ्यायलाच. नंतर तिघं एकाच पंगतीला, शेजारी शेजारी. हात आमटीनं असा बरबटलेला, की फोनला लावायची सोय नाही.

“पेमा मध्येच उठली होती,” लिन्हबाई म्हणाल्या. “हात धुऊन आली.”

नारायणरावांनी वहिनींकडे पाहिलं. बघा, मी म्हणत होतो, असा त्यांचा चेहरा होता.

पंगतीचा स्वयंपाक गोजरबाईंचा होता. कर्जतकडची ही बाई आमटी करायची ती अशी, की खाणाऱ्याच्या कपाळाला घाम फुटावा. कालची भांडी अजून निघत होती. त्यांना पेमाचं विचारल्यावर त्यांनी हातातला काथ्या खाली ठेवला.

“ती पोरगी? अवो, ठेचा खाऊन तिच्या नाकातोंडातनं पानी आलं. माज्या म्होरं नळाखाली तोंड धरून हुबी हुती. म्या गूळ दिला. डोळं पुसायला माजाच पदर घेतला तिनं. फोन कुटला आलाय तितं?”

“तुम्हाला लांबून नीट दिसलं का पण?” नारायणरावांनी शंका काढली.

“पदर माज्या अंगावर हुता, दादा. लांबून कसा दिसंल?”

हसू दाबत नीलांबरीबाईंनी विचारलं, की पहिल्या पंगतीला आणखी कोण नव्हतं. गोजरबाई म्हणाल्या, समदी हुती. रंगनाथ सर तर पंगत उठेस्तोवर हातातली आमटीची बादली सोडत नव्हते. फकस्त ते पुन्याचं सायब दुसऱ्या पंगतीला आलं, आन् पानावर बसून जेवलंच न्हाईत.

ते पुण्याचे साहेब, म्हणजे अनीश, व्हरांड्यात त्यांची वाट पाहत होते. पस्तिशीचा, नीटनेटका, आदबीनं बोलणारा माणूस. त्यानं सर्वांना चहा मागवला. काल सकाळी तो नगरला गेला होता. येताना पुलावर उसाची ट्रॉली अडकली आणि तो तिथंच लटकला. कॉलेजात पोचला तोवर दुसरी पंगत बसत होती. सत्कार हुकला. रात्री पडल्या पडल्या बातम्यांच्या वाहिनीवाल्यानं टाकलेला व्हिडिओ पाहिला, तेवढाच.

पेमाबद्दल तो वाईट काही बोलला नाही. हुशार मुलगी आहे, म्हणाला. लिन्हबाईंना रुग्णालयाकडून काही कळलं का, हे मात्र त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं.

मग त्याचं लक्ष ज्ञानेश्वरीकडे गेलं. “परिचय करून देणारी हीच ना? हिला माईक लागतोच कशाला? मागच्या खांबापर्यंत आवाज जातो पोरीचा.”

ज्ञानेश्वरी लाजली. कालपासून एवढं कौतुक कोणी केलं नव्हतं. अनीशचा चहा तसाच निवत होता. तो फोन आल्याचं सांगून आत गेला.

नारायणराव खुर्चीत रेलून मोबाईलवर तोच सत्काराचा व्हिडिओ पाहू लागले.

“काय भंगार करतात हो हे लोक,” थोड्या वेळानं ते कुरकुरले. “पेमा नदीकाठच्या शाळेत जायची, इथवर पोरगी छान बोलतेय. आणि पुढच्या क्षणाला पेमाच्या हातात नारळ. मधलं सगळं गिळलं.”

“लाईट गेली होती,” रंगनाथ सर म्हणाले. “जनरेटरवाला डिझेल आणायला गेलेला. माईक बंद, त्या वाहिनीवाल्याचा कॅमेरा बंद. तिकडे फेटे होईनात. सभा उठून जायला लागली. मग मी हिला खूण केली, लांबव म्हणून. पोरीनं किल्ला लढवला.”

नीलांबरीबाई खुर्चीत सरळ झाल्या. “ज्ञानेश्वरी, लाईट गेल्यावर काय बोललीस? जसंच्या तसं म्हणून दाखवतेस?”

ज्ञानेश्वरी उभी राहिली. हात मागं बांधले. पेमादीदीनं दुपारी सांगितलेलं, तिला आवडलेलं सगळं तिनं पुन्हा म्हटलं. आईचं लोकरीचं दुकान. हिवाळ्यात खिडकीवर साठणारं बर्फ. आणि एक केसाळ कुत्रा, त्याचं नाव सिंगे, म्हणजे सिंह. तो सिंह मांजर दिसलं की पलंगाखाली लपायचा. इथं सभा खो खो हसली होती. नारायणरावही आत्ता हसले.

नीलांबरीबाई हसल्या नाहीत. गावातल्या ग्रुपवर फिरलेल्या लेखी परिचयात हा कुत्रा होता का, असं त्यांनी सरांना विचारलं.

“मीच काढायला लावला होता. एवढ्या मोठ्या पाहुण्यांच्या परिचयात कुत्र्याचं काय काम?”

त्या उठल्या आणि पेमाच्या खोलीत जाऊन लगेच परत आल्या. अनीशला सरांच्या कार्यालयात बोलवा, म्हणाल्या. मग ज्ञानेश्वरीजवळ आल्या. “आत जे बोलणं होईल ते तुला जड जाईल. बाहेर थांबलीस तरी कोणी काही म्हणणार नाही.”

काय जड जाणार, ते तिला कळलं नाही. पण बाहेर थांबणं त्याहून जड वाटलं. ती आत गेली आणि दाराशी उभी राहिली.

नीलांबरीबाई शाळेत गणित समजावतात तसं, एकेक पायरी घेत बोलू लागल्या.

“खातं उघडायला दोन उत्तरं लागली. ती कोणती, ते आत्ता पेमाला विचारून आले. पहिली शाळा कुठली, आणि पहिल्या पाळीव जनावराचं नाव काय. शाळेचं उत्तर सगळ्या गावाला माहीत आहे. ते व्हिडिओत आहे, ग्रुपवर आहे. पण कुत्रा लेखी परिचयात नाही. व्हिडिओतही नाही. सिंगेचं नाव कोल्हारमध्ये एकदाच मोठ्यानं घेतलं गेलं, लाईट गेली होती तेव्हा. म्हणजे चोर त्या वेळी सभागृहात होता.”

ज्ञानेश्वरीला आधी नुसते शब्द ऐकू आले. मग त्यांचा अर्थ पोचला, आणि तिनं दाराची चौकट घट्ट धरली. फोनमधल्या चौकटीनं काही झालं नव्हतं. झालं होतं ते तिच्या भाषणानं. ज्या वाक्यावर सभा हसली होती, त्या वाक्यानं.

“पाहुणे तेव्हा फेटे बांधत होते,” नीलांबरीबाई पुढं म्हणाल्या. “शिवाय मराठी त्यांना येत नाही, म्हणून लिन्हबाई आणि सुनीलसाहेब सुटले. गावकऱ्यांनी ऐकलं, पण गेस्ट हाऊसचं वायफाय त्यांच्याकडं नाही, आणि पेमाच्या खात्याला कोणते प्रश्न विचारले जातात हे त्यांना ठाऊक असायचं कारण नाही. मंचाची खाती जुळवून देणाऱ्यालाच ते ठाऊक असणार. मराठी कळणारी आणि इथलं वायफाय वापरणारी माणसं दोन उरली. ईमेल गेली तेव्हा रंगनाथ सर पंगतीत बादली घेऊन फिरत होते, त्याला अख्खी पंगत साक्ष आहे.”

“मी तर गावातच नव्हतो,” अनीश म्हणाला.

“तुम्ही व्हिडिओ पाहिलात.”

“हो. सांगितलं ना तुम्हाला.”

“व्हिडिओत ही मुलगी पहिल्यापासून शेवटपर्यंत माईकवर बोलते. माईकशिवाय बोलली तो भाग त्यात नाहीच. मग माईकशिवाय हिचा आवाज मागच्या खांबापर्यंत जातो, हे तुम्हाला कसं कळलं?”

बाहेर पुलावरच्या ट्रॅक्टरांचे भोंगे वाजत होते.

“कोणीतरी सांगितलं असेल,” अनीश म्हणाला. पण ते त्यानं टेबलाकडं बघून म्हटलं.

“असेल. मग नाव सांगा त्याचं, विचारून येऊ. नाहीतर थांबू. काही दिवसांनी कंपनी यंत्राचा पत्ता देईलच. तोवर पेमा घरी पोचलेली असेल, आणि तुम्ही रोज विचारत राहाल, रुग्णालयाचं काय झालं.”

अनीशनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग तो बोलायला लागला तेव्हा स्वतःशी बोलल्यासारखा बोलला. गर्दीत मागं खांबाशी उभा होतो. पुलावर अडकलो होतो ते खरं, पण ट्रॉली लवकर निघाली. खबर आधी आपल्या कार्यालयात आली, की बाकीचे देश आपल्याला विचारून पाऊल टाकतात. त्यानं आपलं वजन वाढतं. इतकी वर्षं हेच तर करत आलो. आता एका एवढ्याशा देशाची मुलगी उठून म्हणते, सगळ्यांना एकदम सांगा. मग आपल्याला कोण विचारणार? तिच्यावरचा विश्वास उडाला असता, म्हणजे काम झालं असतं. दार संध्याकाळपर्यंत बंद होणार असं लिन्हबाई म्हणाल्या होत्या. कोणाला इजा होणार नाही, असं मी धरून चाललो. देशासाठीच केलं.

“देशाचं वजन म्हणता,” नीलांबरीबाई म्हणाल्या, “ते लोक आपल्याला मनातली गोष्ट सांगतात म्हणून होतं. ती गोष्ट तुम्हीच फोडलीत. आता सभागृहात जाऊन स्वतःच्या तोंडानं सांगा. मी सांगितलं तर चोर पकडला गेला एवढंच होईल.”

तो उठला. दाराशी ज्ञानेश्वरी होती. तिच्या अंगावरून जाताना त्याला तिच्याकडं बघवलं नाही, आणि तिलाही त्याच्याकडं बघवलं नाही.

रंगनाथ सर मान खाली घालून बसले होते. “लांबव म्हणून खूण मी केली होती,” ते म्हणाले.

नीलांबरीबाईंनी ज्ञानेश्वरीला जवळ बोलावलं. तिला सांगितलं, की सत्कारात पाहुण्याचं कौतुक करावं, त्याच्या घरादाराचं चार शब्द बोलावं, ही आपल्याकडची रीत आहे. त्यात तिचा हेतू वाईट नव्हता. “अनीशनं उत्तरं चोरली, एवढंच मी पाहुण्यांना सांगेन. ती त्याला कुठं मिळाली हे सांगायचं की नाही, ते तू ठरव. नाही सांगितलंस तरी मी कधी विचारणार नाही.”

“वहिनी, पोरीला कशाला कोड्यात टाकता?” नारायणराव हळूच म्हणाले. “सरळ म्हणा की, सांगू नकोस.”

“नाही म्हणणार, भावजी.”

सभागृहात अनीशनं सगळं कबूल केलं. पडद्यावर निरनिराळ्या देशांचे चेहरे चौकोनांतून बघत होते. लिन्हबाई उठून पेमापाशी गेल्या, तिचे हात हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि माफी मागत राहिल्या. सह्यांचं पाहू, आधी थोडं बसू या, असं सुनीलसाहेब म्हणाले. अनीशला एक खुर्ची दिली होती, तिच्यावर तो एकटा बसला होता.

सगळं नीट झालं होतं. उत्तरं कुठून मिळाली, हे त्या गडबडीत कोणी विचारलं नाही.

पेमा ज्ञानेश्वरीला शोधत आली. तिनं तिला पोटाशी धरलं आणि म्हणाली, की तू सकाळपासून माझ्यासाठी पायरीवर बसली होतीस, हे मला सरांनी सांगितलं. तिच्या स्वेटरला लोकरीचा वास येत होता. गप्प राहिलं तर हे असंच राहणार होतं. संध्याकाळी गाडी शिर्डीच्या विमानतळावर जाणार होती, आणि पेमादीदी तिच्याबद्दल कायम चांगलंच बोलणार होती.

ज्ञानेश्वरी मागं सरली.

“दीदी, सिंगेचं नाव मी सांगितलं,” ती हिंदीत म्हणाली. “सगळ्या सभेला. तुम्ही फेटा बांधत होतात तेव्हा.”

पेमाचा हात तिच्या खांद्यावर होता. तो तिनं काढून घेतला नाही, पण त्यातलं बळ गेलं.

ज्ञानेश्वरीला रडू येत होतं, पण रडून भागणार नव्हतं. तिला आठवत होतं, की काल ती फक्त पेमाबद्दल बोलली नव्हती. लिन्हबाईंच्या आईचं गाव तिनं सांगितलं होतं. सुनीलसाहेबांच्या पहिल्या शिक्षिकेचं नाव सांगितलं होतं. तेही सगळं गावात फिरत होतं आणि त्या दोघांना त्याचा पत्ताच नव्हता.

ती सरांना न विचारता पुढं गेली. पडद्यासमोर, सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिली. हात मागं बांधायचे सोडून तिनं ते तसेच लोंबते ठेवले. काल मी मराठीत जे जे सांगितलं ते आता सांगते, तुमचं काय काय बाहेर गेलंय ते तुम्हाला कळायला हवं, असं ती म्हणाली आणि कालचं भाषण पहिल्या शब्दापासून, मोडक्यातोडक्या हिंदीत, सांगू लागली.

पहिल्या वाक्याचं इंग्रजी करून सांगायला कोणीच नव्हतं. दुसऱ्या वाक्याला पेमा तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि लिन्हबाईंकडं बघून ते इंग्रजीत सांगू लागली. लिन्हबाईंनी फोन बाहेर काढला आणि आपल्या खात्याची उत्तरं बदलायला घेतली. ज्ञानेश्वरी त्यांचं होईपर्यंत थांबली, आणि मग तिनं पुढचं वाक्य म्हटलं.